क्रूकेड रिव्हर, व्हिक्टोरिया: जुन्या सोन्याच्या खोदाया जमिनीवर ओळखायच्या कशा?

डोंगरवाट:

नमस्कार मंडळी,

मेलबर्नच्या पूर्वेला, डार्गोच्या वरच्या डोंगरात क्रूकेड रिव्हरचं जुनं सुवर्णक्षेत्र आहे. १८६० साली आल्फ्रेड हॉविटच्या सरकारी तुकडीला या खोऱ्यात सोनं लागलं. चार-पाच वर्षांत डोंगराच्या धारेवर ग्रँट नावाचं गाव उभं राहिलं आणि पुढे ओसही पडलं. आज तिथे युकॅलिप्टसचं रान आणि ब्लॅकबेरीच्या काटेरी जाळ्या आहेत. माहीत असलेल्या जागांना पाट्या आहेत, त्या सोडून द्या. मला आजूबाजूच्या घळींमधल्या, कुठल्याच माहितीफलकावर नसलेल्या खोदाया शोधायच्या आहेत. ईस्टरला चार दिवस हातात आहेत. सोनं काढायचं नाही. जागा शोधायची, मोजायची, फोटो काढायचे, एवढंच.

हाताशी आहे ते असं: जुन्या पॅरिश नकाशांचे (सरकारी जमीनमोजणीच्या नकाशांचे) स्कॅन, त्यावर काही ठिकाणी जुन्या खोदाया आणि पाण्याचा पाट अशा नोंदी. त्या काळच्या वर्तमानपत्रांतली वर्णनं, म्हणजे 'संगमाच्या वर इतके मैल, डाव्या फांदीवर' या थाटाची. शिवाय लायडारचा, म्हणजे विमानातून लेसरने मोजलेल्या जमिनीच्या उंचीचा, १ मीटरचा डेटा.

अडचणी तीन. जुन्या छापील स्थलनकाशावरचे आकडे जीपीएसमध्ये टाकले की ठिकाण दोनेकशे मीटर भलतीकडे दाखवतं. लायडारमध्ये शेकडो खड्डे दिसतात, त्यातले माणसाने खणलेले कोणते ते कळत नाही. आणि प्रत्यक्ष जागेवर गेल्यावर नेमकं काय शोधायचं? जाणकारांनी सांगावं.

साखळीमोजणी:

दोनशे मीटरचं कोडं सोपं आहे. तुमचा छापील नकाशा जुन्या १९६६च्या ऑस्ट्रेलियन डेटमवर (अक्षांश-रेखांश मोजायच्या आधारावर) आहे आणि जीपीएस आजच्या. त्या भागात जुन्या आकड्यांमध्ये पूर्वेकडे साधारण ११० मीटर आणि उत्तरेकडे साधारण १८० मीटर मिळवले की आजचं ठिकाण येतं. हाताने बेरीज करण्यापेक्षा क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये नकाशाला योग्य कोड द्या: जुन्यासाठी २०२५५, १९९४च्या डेटमसाठी २८३५५, २०२०च्या डेटमसाठी ७८५५. तिन्ही पंचावन्नाव्या झोनचे आहेत. १९९४ आणि २०२० यांच्यातला फरक पावणेदोन मीटरचा, तो रानात सोडून द्या. जुना नकाशा यार्डांच्या ग्रिडचा असेल तर मात्र आकड्यांच्या भानगडीत न पडता संगम जुळवून बसवा.

पॅरिश नकाशा बसवताना लोक डोंगराच्या रेषा जुळवायला जातात आणि तिथेच फसतात. सर्व्हेअर पाटाच्या, रस्त्याच्या आणि प्लॉटांच्या कडेने साखळी ओढत गेला, पलीकडची धार त्याने नजरेने काढली. म्हणून जुळणीचे बिंदू घ्यायचे ते ओढ्यांच्या संगमांवर आणि गावठाणाच्या प्लॉटांच्या कोपऱ्यांवर. ते कोपरे आजच्या मालमत्ता नकाशातही बहुतेक तसेच आहेत. निदान सहा बिंदू घ्या आणि साधं पहिल्या घाताचं रूपांतर वापरा. नकाशा रबरासारखा ताणणारी पद्धत वापरली की चूक शून्य दिसते, पण ती फक्त बिंदूंपाशी. मधलं सगळं वेडंवाकडं होतं.

मापं: एक साखळी ६६ फूट, म्हणजे २०.१२ मीटर. ८० साखळ्यांचा मैल. आपल्याकडच्या माणसाला सोपं करून सांगायचं तर एक चौरस साखळी म्हणजे बरोबर चार गुंठे, दहा चौरस साखळ्यांचा एकर.

वर्तमानपत्रातले मैल हे पायवाटेचे मैल. वाट ओढ्याच्या पात्रातून नागमोडी जायची, त्यामुळे सरळ रेषेत मोजलं तर दोन मैलांचे सव्वा-दीडही भरत नाहीत. नकाशावर ओढ्याच्या वळणांवरून मोजा. 'डावी फांदी' म्हणजेही जपून. नदीचा डावा तीर हा प्रवाहाच्या दिशेने तोंड करून धरतात, पण खोदकरी ओढ्यातून वर चढत जायचे आणि फांद्यांची नावं बऱ्याचदा त्या हिशोबाने पडली आहेत. दोन्ही शक्यता नकाशावर काढून ठेवा.

होकायंत्राची दिशा दिली असेल तर चुंबकीय की खरी, ते बघा. आज त्या भागात सुई खऱ्या उत्तरेच्या पूर्वेला १२ अंशांच्या आसपास असते, १८६०च्या दशकात ती काही अंशांनी कमी होती. एक किलोमीटरवर तीन अंशांची चूक म्हणजे पन्नासेक मीटर. ब्लॅकबेरीत पन्नास मीटर म्हणजे अर्धा दिवस.

ट्रोव्हवर, म्हणजे जुन्या ऑस्ट्रेलियन वर्तमानपत्रांच्या ऑनलाइन संग्रहात, शोधताना: यंत्राने वाचलेला मजकूर चुकांनी भरलेला असतो, त्यामुळे खाणीचं पूर्ण नाव टाकून काही मिळत नाही. दोन शब्द अवतरणात आणि पुढे तरंगरेघ (~) व ५ असं लिहिलं की ते एकमेकांच्या आसपास आलेले निकाल येतात. तारखा बांधून घ्या, आणि गिप्सलँड टाइम्स आधी चाळा. त्याहून कामाचे म्हणजे मायनिंग सर्व्हेअर आणि रजिस्ट्रार यांचे तिमाही अहवाल. बातमीदार शेअर विकणाऱ्यांच्या ओसरीवर बसून लिहायचा. रजिस्ट्रार कोरडं लिहायचा: ओढा कोणता, माणसं किती, यंत्रं किती.

गारगोटी:

नकाशाचं वर आलंच आहे. जागेवरचं मी सांगतो, आणि एकच गोष्ट धरून ठेवा: सोनं कुठे होतं ते शोधू नका, पाणी कुठून आणलं ते शोधा. सोनं मूठभर असतं आणि ते गेलं. पाणी आणायला मात्र माणसांनी कोसभर डोंगर कोरला, आणि ते कोरीवकाम जागेवर आहे.

पाट कसा ओळखायचा: रुंदी अर्धा ते एक मीटर, आता पालापाचोळ्याने भरून नुसती पायरी उरलेली. खालच्या अंगाला मातीचा बांध. उतार इतका कमी की डोळ्याला सपाट वाटतो, १०० मीटरला अर्धा मीटर किंवा त्याहूनही कमी. जंगलखात्याचा रस्ता किंवा जनावरांची वाट सोंडेवर चढते, उतरते. पाट कधीच चढत नाही, सोंडेला वळसा घालतो आणि घळीच्या पोटात शिरून परत बाहेर येतो. जिथे घळ फार खोल तिथे लाकडी पन्हळ टाकलेली असायची. ती कुजली, जळाली. म्हणून पाट अचानक तुटला तर संपला असं समजू नका, घळीच्या पलीकडे त्याच उंचीवर तो पुन्हा सुरू होतो. हातातला छोटा क्लिनोमीटर (उताराचा कोन मोजायचं साधन) शून्यावर धरून पलीकडे बघा, दहातल्या आठ वेळा नजर पाटावरच टेकते.

पाटाचं खालचं टोक सापडलं की खोदाई सापडलीच. तिथे पाणी काठावरून सोडून माती धुऊन काढायचे. उरतं ते असं: अर्धचंद्राकार कापलेला काठ, त्याच्या पायथ्याशी उघडा पडलेला खडक, मधून खोल चर आणि दोन्ही बाजूंना हाताने रचलेले गोट्यांचे ढीग. गोटे रचलेले असतील, जवळजवळ गडगा घातल्यासारखे, तर काम हाताचं. मोठे दगड चरात अडकू नयेत म्हणून उचलून बाजूला लावत जायचे, नाहीतर चर तुंबायचा. नदीने टाकलेल्या गोट्यांत वाळू भरलेली असते, धुतलेल्या ढिगात पोकळ्या असतात. काठी घालून बघा.

शिरेचं काम वेगळं. गारगोटीची शीर डोंगरावर, तिचा भुगा करणारं यंत्र खाली पाण्याजवळ. स्टॅम्प बॅटरी म्हणजे सरळ उखळ-मुसळांची रांग: लोखंडी उखळ, त्यात साडेतीनशे-चारशे किलोची मुसळं, मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा पडणारी. वर पाण्याचं चाक किंवा बॉयलर. लोखंड पुढे भंगारात गेलं असेल तरी दगडी चौथरा, बोल्टांचे गज आणि राखाडी बारीक वाळूचा ढीग राहतो. तो ढीग दिसला की तिथून डोंगराकडे बघा: शिरेपासून खाली आलेला घसरणीचा मार्ग किंवा ट्रामची सपाट पट्टी शोधायची. खालून वर जा. वरून खाली शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई.

गोल चरी सापडतील ही अपेक्षा ठेवू नका. बेंडिगो, कॅसलमेन भागात चिकणमाती कालवायला घोड्याने फिरवायची यंत्रं होती. आपल्या गडांवरची चुन्याची घाणी आठवा, तसाच वर्तुळाकार चर, फक्त दगडी चाकाऐवजी दाते. क्रूकेड रिव्हरची वाळू मोकळी, तिथे कालवायला चिकणमातीच नाही.

अवांतर: सराफकट्ट्यावरची धूळ धुणारे आपले झारेकरी आणि हे खोदकरी यांचं शास्त्र एकच. जड ते तळाशी, हलकं ते वाहून जाऊ द्या.

डोंगरवाट:

घाणीचं उदाहरण चपखल, धन्यवाद. पाटाची रेषा लायडारमध्ये शोधतो. पण खड्ड्यांचं काय? सावली-नकाशात सगळा डोंगर देवी आल्यासारखा दिसतोय.

तिरपं_ऊन:

सावली-नकाशा एकाच दिशेच्या उजेडाने केला असेल. त्यात उजेडाच्या दिशेने जाणारे चर आणि पाट नाहीसे होतात. क्यूजीआयएसमधल्या ठरलेल्या ३१५ अंश दिशा आणि ४५ अंश उंचीवर थांबू नका. उंची २५-३० वर आणा, दिशा ४५, १३५, २२५ आणि ३१५ अशा चार करून चारही थर अर्धपारदर्शक ठेवा.

त्याहून चांगलं म्हणजे स्थानिक उठाव काढणं. मूळ उंची-थर घ्या, तो १०-१५ मीटर त्रिज्येने गुळगुळीत करा आणि मूळ थरातून वजा करा. मोठा डोंगर निघून जातो, एक-दोन मीटरचे उंचवटे आणि खळगे उरतात. रंगपट्टी उणे १ ते अधिक १ मीटर एवढीच ठेवा. हे हाताने करायचं नसेल तर स्लोव्हेनियातल्या पुरातत्त्व मंडळींनी बनवलेला रिलीफ व्हिज्युअलायझेशन टूलबॉक्स मोफत आहे, त्यातला 'आकाश किती दिसतं' हा प्रकार खड्ड्यांसाठी उत्तम.

आता निवड.

उन्मळलेल्या झाडाचा खड्डा लांबट असतो आणि मातीचा ढीग एकाच बाजूला, खड्ड्याला चिकटून. एका वादळात पडलेल्या झाडांचे ढीग एकाच दिशेला. खणलेल्या खड्ड्याचा मुरूम उताराच्या बाजूला टाकलेला, चंद्रकोरीसारखा पसरलेला, आणि खड्ड्याच्या मानाने मोठा. सपाटीवर असेल तर कडं पूर्ण गोल, डोनटसारखं.

एकट्या खड्ड्यावर वेळ घालवू नका, रांग बघा. व्हिक्टोरियातल्या बहुतेक शिरा उत्तर-वायव्य ते दक्षिण-आग्नेय धावतात. धार ओलांडून त्या दिशेने खड्डे एका ओळीत असतील, मधे आडवे चर असतील, तर ते शिरेवरचं काम. ओढ्याकाठच्या सपाटीवर पुंजका असेल तर गाळातलं. रांगेच्या खालच्या अंगाला उतारावर जिभेसारखा लांब ढीग दिसला की तिथे आडवा बोगदा आहे असं धरा. तोंड ढासळून बुजलेलं असलं तरी ढीग खोटं बोलत नाही.

डेटाच्या मर्यादाही सांगतो. घनदाट उतारावर लेसरचे थोडेच किरण जमिनीला टेकतात, मधली जागा गणिताने भरलेली असते. तिथे त्रिकोणी पैलू दिसतात, काचेसारखे. त्या भागातलं काहीही मानू नका. आणि खोल, अरुंद शाफ्ट (खाणीची उभी विहीर) बऱ्याचदा अर्ध्या मीटरच्या खळग्यासारखा दिसतो, कारण किरण आत जाऊन परत येत नाही. लायडारमध्ये उथळ आहे म्हणून जागेवर उथळ असेल, हे समीकरण जिवावर बेतेल.

फोनमध्ये तीसेक बिंदू टाकून न्या, शंभर नको. खोल घळीत जीपीएस दहा-पंधरा मीटर सहज चुकतं. बिंदू नोंदताना चार-पाच मिनिटं थांबून सरासरी घ्या.

सांभाळून_रे:

लायडारमधल्या उथळ शाफ्टबद्दलचं वरचं वाक्य मोठ्या अक्षरांत छापायला हवं. शाफ्टबद्दल थोडं गणित, कारण 'जपून जा' म्हटल्याने कुणी जपत नाही.

मुरमाच्या ढिगावरून खोली काढता येते. ढीग शंकूसारखा, पायथ्याची त्रिज्या ४ मीटर आणि उंची दीड मीटर धरू. घनफळ साधारण २५ घनमीटर. खणलेला खडक सुटा झाला की दीडपट फुगतो, म्हणजे मूळ खडक १६-१७ घनमीटर. शाफ्टचं तोंड ६ फूट गुणिले ३ फूट, म्हणजे १.६७ चौरस मीटर. भागाकार केला की खोली दहा मीटर. ढिगाचा काही भाग पावसाने वाहून गेलेला असतो, तेव्हा ही किमान खोली. आता उलट बघा: तोंड लहान आणि ढीग ट्रक भरतील एवढा असेल तर तो मुरूम नुसत्या उभ्या विहिरीतला नव्हे. खाली आडवे बोगदे आहेत, तुम्ही उभे आहात ती जमीन पोकळ आहे.

जुन्या शाफ्टच्या तोंडाशी लाकडी चौकट असायची. ती कुजली की कडेची माती आत सुटते आणि तोंड नरसाळ्यासारखं होतं. वरून उतार सौम्य दिसतो, त्याच्या खाली कडा आतून खाल्लेली असते. म्हणून नरसाळ्याच्या उतारावर पाय ठेवायचाच नाही, फोटो ढिगाच्या बाहेरून झूम करून. काही शाफ्टांवर फळ्या टाकून माती लोटलेली असते. त्या भागात १९३९, २००३, २००६-०७ आणि २०१९-२० असे मोठे वणवे होऊन गेले. वणव्यानंतर रान मोकळं होतं आणि सगळं लख्ख दिसतं, शोधायला तो काळ सर्वांत चांगला, पण फळ्याही जळालेल्या असतात. पुढे काठीने चाचपत, एकामागे एक, मधे पाच मीटर अंतर.

आडव्या बोगद्यात जाऊ नका. 'लायटर पेटतोय म्हणजे हवा ठीक' हा जुना समज घातक आहे. कुजणारं लाकूड आणि गंजणारी माक्षिकं (धातू-गंधकाची खनिजं) प्राणवायू खातात, कार्बन डायऑक्साइड जड म्हणून खोलगट भागात साचतो. तोंडाशी लायटर पेटतो, वीस पावलांवर उतार आला की माणूस आधी कोसळतो. त्याला ओढायला गेलेला दुसरा. शिवाय बोगद्याच्या जमिनीतच खाली उतरणारी विहीर असते आणि ती पाण्याने काठोकाठ भरलेली, डबक्यासारखी दिसते.

राखाडी वाळूवर तंबू ठोकू नका, तिथे बसून जेवू नका. व्हिक्टोरियातल्या गारगोटीबरोबर आर्सेनिकचं खनिज येतं आणि दळलेल्या वाळूत ते राहतं. बॅटरीत सोनं पकडायला पारा वापरायचे, तोही आजूबाजूला असतो. पांढुरकं, चांदीसारखं दिसणारं सोनं म्हणजे पारा चढलेलं सोनं. ते स्टोव्हवर तापवून 'स्वच्छ' करायला गेलात तर वाफ तुमच्या फुप्फुसात. बोगद्यातून तांबडं-नारिंगी पाणी येत असेल तर त्याच्या खालच्या ओढ्याचं पाणी प्यायचं नाही, उकळूनही नाही. उकळल्याने जंतू मरतात, आर्सेनिक मरत नाही.

फोनला रेंज नाही. नोंदणी केलेला ४०६ मेगाहर्ट्झचा बीकन, म्हणजे उपग्रहामार्फत मदत मागायचं यंत्र, सोबत हवाच.

आणि हो, अंगात भडक नारिंगी काहीतरी असू द्या. त्या डोंगरात हंगामात सांबराची शिकार चालते. आपल्याच उपखंडातून १८६०च्या दशकात नेलेलं सांबर, तिकडे इतकं वाढलं की बंदुका घ्याव्या लागल्या.

डोंगरवाट:

पोकळ जमिनीचा हिशोब डोळे उघडणारा. एक शंका: गोल तोंडाचे शाफ्ट चिनी खोदकऱ्यांचे आणि चौकोनी युरोपियनांचे, असं बरेच जण सांगतात. नोंदीत तसं लिहावं का?

गारगोटी:

नका लिहू. वर सांगितलंय ना, चौकट कुजली की चौकोनी तोंडही नरसाळ्यासारखं गोल होतं. दीडशे वर्षांनी वरून सगळेच गोल. चिनी वस्ती ओळखायची तर तोंडाच्या आकारावरून नाही, वस्तूंवरून: तपकिरी झिलईच्या बरण्यांचे तुकडे, फिक्या हिरव्या वाडग्यांचे तुकडे. तेही झोपडीच्या चौथऱ्याशी, खड्ड्यापाशी नव्हे.

काळ ठरवताना आणखी एक खड्डा आहे, म्हणजे वाटेतला. १९३०च्या मंदीत बेकार माणसं पुन्हा या घळींत आली, सरकारनेही त्यांना सोनं शोधायला पाठबळ दिलं. १८६०च्या खोदाईवर १९३०चं काम चढलेलं असतं. गोल तारेचे खिळे, चौकोनी रॉकेलचे डबे कापून केलेल्या पन्हळी, पत्रा, हे सगळं नंतरचं. चौकोनी छेदाचे कापीव खिळे आणि जाड काळपट काचेच्या बाटल्या जुन्या. एकाच ढिगात दोन्ही असतील तर दोन्ही लिहा. नेटका निष्कर्ष काढायची घाई नको.

झोपडीची जागा कशी सापडते तेही सांगून ठेवतो: खोदाईच्या थोडं वर, पुराच्या रेषेबाहेर, उतारात कापलेला तीन बाय चार मीटरचा सपाट ओटा आणि एका टोकाला दगडांचा ढीग. तो ढीग म्हणजे पडलेली चूल. आजूबाजूला युकॅलिप्टसमध्ये न शोभणारं झाड दिसलं, सफरचंद, प्लम किंवा हॉथॉर्न, तर आधी तिकडेच जा.

नियमबुवा:

सगळे खोदायचं बोलतायत, म्हणून नियम.

नुसतं चालणं, बघणं, मोजणं, फोटो, याला सोनं शोधायचा परवाना लागत नाही. पॅन किंवा डिटेक्टर हातात घेतलात की मायनर्स राइट लागतो. हीच ती १८५५ची चीज. युरेकाच्या, म्हणजे बॅलरॅटच्या खोदकऱ्यांच्या, उठावानंतर महिन्याच्या परवान्याऐवजी वर्षाला एक पौंड देऊन मिळू लागली. आता दहा वर्षांची असते. त्यावर फक्त बिनयंत्राची हाताची हत्यारं चालतात, स्फोटकं नाहीत, झाडांना हात नाही, आणि खणलेलं परत बुजवायचं.

कुठे, हा खरा प्रश्न. त्या भागात राज्याचं वन, ग्रँटचं ऐतिहासिक क्षेत्र आणि अल्पाइन राष्ट्रीय उद्यान एकमेकांना लागून आहेत. राष्ट्रीय उद्यानात ठरवून दिलेले भाग सोडले तर शोधायला मनाई आहे, आणि हद्द जमिनीवर आखलेली नसते. हद्दीचा थर फोनमधल्या नकाशावर असायलाच हवा. चालू खाण-परवान्याची जमीन असेल तर परवानाधारकाची संमती लागते. जिओव्हिक या सरकारी नकाशावर हे परवाने दिसतात. जुन्या खाणींचे बिंदूही दिसतात, पण ते जुन्या नकाशांवरून उतरवलेले आहेत, जागेवर शे-दोनशे मीटर इकडेतिकडे होतात.

२०१७च्या हेरिटेज कायद्यात ७५ वर्षांहून जुन्या पुरातत्त्वीय जागांना, त्या यादीत असोत-नसोत, संरक्षण आहे. बाटली, खिळा, मुसळाचा लोखंडी बूट, काहीही उचलायचं नाही, कोरायचं नाही. नवीन जागा सापडली तर हेरिटेज व्हिक्टोरियाला, म्हणजे राज्याच्या वारसा खात्याला, नोंद द्या. जाहीर ठिकाणी अचूक आकडे टाकू नका, बाटल्या खणणारे त्यावरच टपलेले असतात. आणि दगडी हत्यारं, साल काढलेली जुनी झाडं दिसली तर तो तिथल्या मूळ रहिवासी गुनाईकुर्नाई लोकांचा वारसा आहे, त्याला २००६चा वेगळा कायदा आहे. फोटोसाठीही दगड हलवू नका.

डार्गोहून तॅलबटव्हिलकडे उतरणाऱ्या वाटा जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत बंद असतात. ईस्टरला अडचण नाही, पण आगीची संपूर्ण बंदी जाहीर झाली असेल तर चूलही पेटवायची नाही.

डोंगरवाट:

काल रात्री वजाबाकीचा थर करून बघितला आणि एक रेषा सापडली! लांबी २.३ किलोमीटर. वरच्या आणि खालच्या टोकात ९ मीटरचा फरक. तीन घळींपाशी तुटते आणि पलीकडे पुन्हा दिसते. खालच्या टोकाला वाटीसारखा कापलेला भाग. पाटच ना? आणि कुठल्या टोकाने शिरू?

गारगोटी:

२३०० मीटरला ९ मीटर म्हणजे १०० मीटरला ३९ सेंटिमीटर. पाटच. वाटी म्हणजे धुतलेला काठ.

दोन्हींपैकी कुठल्याच टोकाने शिरू नका. दोन्ही टोकं ओढ्याजवळ, आणि ओढ्याकाठी ब्लॅकबेरी. पाट जिथे सोंडेला वळसा घालतो तिथे रान विरळ असतं आणि धारेवरची गाडीवाट सगळ्यात जवळ. नकाशावर तो बिंदू काढा, धारेवरून सोंडेने खाली उतरा, उंची जुळली की पायाखाली पायरी येईल. उतरताना मागे वळून दोन-तीन फोटो घ्या, परतताना सोंड ओळखू येत नाही.

पाटावर चालायचं ते बाहेरच्या बांधावर. आतल्या चरात पाला गुडघाभर असतो आणि उबेला साप. घळींपाशी सरळ खाली उतरून वर चढायचा मोह आवरा, घळीच्या पोटात वळून तीच उंची धरा. पन्हळीच्या खांबांसाठी खडकात पाडलेली भोकं किंवा रचलेले दगडी पाये तिथेच सापडतात. पहिल्या दिवशी फक्त खालचं टोक करा. वाटी, चर, गोट्यांचे ढीग मोजून घ्या, एक मीटरची खुणेची काठी प्रत्येक फोटोत, फोटोची दिशा वहीत.

वरचं टोक दुसऱ्या दिवशी. तिथे बंधारा उभा सापडेल अशी आशा नको, पुरांनी तो कधीच नेला. काठाच्या खडकात कापलेली खाच शोधा, पाणी त्यातूनच वळवलेलं असतं.

ताशी एक किलोमीटरहून जास्त वेग धरू नका.

सांभाळून_रे:

आणि परत फिरायची वेळ दुपारी दोन. एप्रिलच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, त्यानंतर त्या घळींत साडेपाचलाच अंधारतं.